विंचवाने काय पुण्य केलं होतं?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ५३ आणि ५४.



विश्वरूप दाखवून झालंय. अर्जुनाची पार घाबरगुंडी उडाली होती, त्याने हात जोडून विनवलं, आणि भगवंत पुन्हा आपल्या ओळखीच्या सौम्य रूपात आले. आता ते त्याला शांतपणे सांगतायत, की तू जे पाहिलंस ते वेद शिकून, तप करून, दानं देऊन किंवा यज्ञ करून कुणाला पाहता येत नाही. अनन्य भक्तीनेच ते कळतं, दिसतं आणि त्यात प्रवेश मिळतो.

रोज दोन-तीन श्लोक वाचत आलेल्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. हेच थोड्या वेगळ्या शब्दांत पाचच श्लोकांमागे, ४८व्या श्लोकात येऊन गेलंय. तिथेही वेद, यज्ञ, दान, क्रिया, उग्र तप अशी सगळी यादी घेऊन भगवंतांनी प्रत्येकापुढे फुली मारलीय. सातशे श्लोकांचा ग्रंथ, त्यात एक गोष्ट इतक्या लगोलग दोनदा सांगायची म्हणजे ऐकणारा ती पहिल्यांदा ऐकणारच नाही, याची सांगणाऱ्याला खात्री असावी.

आणि ४७वा श्लोक पुन्हा उघडून बघा. तिथे भगवंत म्हणतात, मी प्रसन्न होऊन तुला हे रूप दाखवलं. अर्जुनाने त्यासाठी काय केलं होतं? तर मागितलं होतं. तेही, तुला योग्य वाटत असेल तर दाखव, अशा बेताने. मग आठव्या श्लोकात भगवंत त्याला सांगतात, की तुझ्या या डोळ्यांनी काही दिसायचं नाही, मी तुला दिव्य दृष्टी देतो. म्हणजे बघायचं ते दिलेलं, आणि बघायचे डोळेही दिलेलेच.

आता मनापासून सांगा, आपण असं जगतो का? गीतेतला एकच श्लोक पाठ असलेल्या माणसाला कुठला पाठ असतो? दुसऱ्या अध्यायातला ४७वा, कर्माचा. तो भिंतीवर असतो, ऑफिसच्या डेस्कवर असतो, मोटिव्हेशनल व्हिडिओत असतो. त्यातलं फळावर हक्क नाही हे अर्धं आपण सोडून देतो आणि कर्म कर, कर्म कर एवढंच उरवतो. देवाच्या बाबतीतही तेच. माझ्या फोनवर जपाचं ॲप आहे. ते रोज आकडा दाखवतं, सलग किती दिवस झाले ते दाखवतं, एक दिवस चुकला की साखळी तुटली म्हणून लाल रंगाचं चिन्ह टाकतं. पेणहून सकाळी मेमूने निघणाऱ्यांत मोबाईलवर अंगठा आपटत जप करणारी दोन-चार माणसं तरी मला रोज दिसतात. मला ते आवडतं, चेष्टा करत नाहीये. पण त्या लाल चिन्हाने जीवाला जी टोचणी लागते, ती नक्की कशाची असते? देवाची आठवण राहिली नाही याची, की खात्यात भरणा झाला नाही याची?

पाली आणि महड हे अष्टविनायकातले दोन गणपती आमच्या रायगडातलेच. सुट्टीच्या दिवशी पालीला बसेस भरभरून येतात. दोन दिवसांत आठ गणपती करायचे असतात, त्यामुळे बल्लाळेश्वराच्या वाट्याला पाऊण तास येतो, त्यातला बराचसा रांगेत जातो. उतरताना कुणीतरी म्हणतंच, 'चला, एक झाला.' गंमत म्हणजे ज्याच्या नावाने तो देव ओळखला जातो, तो बल्लाळ हा एक लहान पोरगा होता. कथेप्रमाणे तो मित्रांना घेऊन रानात एका दगडाची पूजा मांडून बसायचा आणि त्याला वेळेचं भान राहायचं नाही. बापाने दगड फेकून दिला, पूजा मोडली आणि पोराला मारून झाडाला बांधून ठेवलं. त्या पूजेत विधी काय होता, मंत्र कुठले होते, हे कथा सांगत नाही. गणपती आला तो त्या बांधलेल्या पोराकडे आला, आणि त्या वेळी पोराला हात जोडणंसुद्धा शक्य नव्हतं.

पेणचं नाव गणपतीच्या मूर्तींमुळे सगळीकडे गेलंय. पण याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. आजचा श्लोक वाचल्यापासून त्यांच्या घरातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात फिरतायत. दोन्ही त्यांनी स्वतःच आठवणीत सांगितलेल्या आहेत.

पहिली त्यांच्या आईची, रुक्मिणीबाईंची. त्यांनी देवाला लाख तांदूळ वाहायचं व्रत घेतलं होतं. रोज मूठभर तांदूळ घ्यायचे आणि एकेक दाणा मोजून वाहायचा. विनोबांचे वडील नरहरराव शास्त्रीय वळणाचे. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, हे असं एकेक काय मोजत बसलीस? एक तोळा तांदूळ घे, त्यात किती दाणे भरतात ते मोज, मग लाखाला किती तोळे लागतील त्याचा हिशोब कर आणि तेवढे वजन करून वाहा. कमी पडायची भीती वाटत असेल तर वर अर्धा तोळा जास्त टाक. सूचना बिनतोड होती. आईला उत्तर सुचेना, पण यात कुठेतरी चुकतंय एवढं तिला कळत होतं. विन्या घरी आल्यावर तिने त्याला विचारलं. त्याने सांगितलं त्याचा आशय असा, की हे गणिताचं काम नाहीये, आई. एकेक दाणा वाहताना प्रत्येक वेळी चित्त देवाकडे जातं, त्यासाठी हे मोजणं आहे. तेव्हा तू एकेकच मोज.

ही गोष्ट साधारणपणे श्रद्धेने बुद्धीवर केलेली मात म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. मला तर वडिलांचं फार पटतं! देवाला लाख दाणे पोचवायचे एवढाच व्यवहार असेल, तर तराजू वापरणं हेच शहाणपण. वेळ वाचतो, माल पूर्ण पोचतो, वर अर्धा तोळा बोनस. वडिलांनी व्रताची थट्टा केली नव्हती. व्रत म्हणजे देणं फेडणं असं धरलं, तर ते कुठवर जातं एवढं त्यांनी दाखवलं. मुलाने त्या गणितातली चूक काढली नाही, गणितच बाजूला ठेवलं. लाख हा आकडा देवाला द्यायची रक्कम नव्हती. आईला लाख वेळा देवाजवळ बसायला मिळावं म्हणून घेतलेलं ते निमित्त होतं.

तेव्हा मोजण्यात दोष नाही. माळेत १०८ मणी असतात, ते कुणी उगाच ओवले नाहीत. त्याच आईने पुढे मुलाला म्हटलं होतं, की मला समजेल अशी सोप्या मराठीत गीता तूच का लिहीत नाहीस? ती १९१८ साली गेली. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत विनोबांनी 'गीताई' लिहिली. तुमच्यातल्या अनेकांनी शाळेत तिचे श्लोक म्हटले असतील. आईचं देणं फेडलं असं कुणी म्हणेल. मला वाटतं, आईजवळ पुन्हा बसणं होतं ते. दाणे मोजावेत तसा एकेक श्लोक.

दुसरी गोष्ट आजोबांची. शंभुराव भावे मोठे व्रतस्थ गृहस्थ, त्यांची पूजा तासन् तास चालायची. एकदा पूजा चालू असताना देवाच्या मूर्तीवर विंचू येऊन बसला. घरात आरडाओरडा झाला, विंचू विंचू, मारा त्याला. आजोबांनी सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, तो देवाच्या आश्रयाला आलाय, त्याला कुणी हात लावायचा नाही. मग त्यांनी पूजा तशीच चालू ठेवली. फुलं, गंध, पाणी सगळं रीतसर झालं. थोड्या वेळाने विंचू आपणहून उतरला आणि निघून गेला. लहान विन्याच्या मनावर हे कायमचं कोरलं गेलं.

विंचवाचं पुण्य काय होतं? काहीही नाही. तो चांगला विंचू होता असंही नाही. नांगी तशीच होती, विष तसंच होतं. त्याने भक्ती म्हणून मूर्ती निवडली होती असंही आपल्याला म्हणता येणार नाही, गारवा शोधत आला असेल. तो वाचला तो केवळ बसला होता त्या जागेमुळे. आणि ते ओळखणारा माणूस कोण, तर ज्याने जन्मभर काटेकोर उपास आणि विधी केले तो. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त हेच आवडतं. इतकी वर्षं पूजा करून आजोबांना काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, त्यांना तो विंचू शरण आलेला दिसला. बाकीच्यांना नुसता विंचू दिसत होता.

हे सगळं मला पुस्तकात वाचून पटलं असतं आणि मी पुढच्या श्लोकाकडे गेले असते. पण आमच्या घरी आजी होती.

आजीने केलेल्या व्रतांची मोजदाद मी करू शकत नाही. सोळा सोमवार, संकष्ट्या, चातुर्मासात एक ना एक नेम, अधिक महिन्यात तेहतीस अनारसे. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी तिला पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. देवघर तिच्या खाटेवरून दिसायचं, पण तिथवर जाता यायचं नाही. पहिले काही दिवस ती फक्त विचारायची, 'काय गं, देवांना आंघोळ घातली का?' मग हळूहळू वेगळंच सुरू झालं. एकदा दुपारी म्हणाली, 'आता माझ्याकडनं काहीच होत नाही. फुलवात वळता येत नाही का माळ ओढता येत नाही. आता देव माझ्याकडे कशाला बघेल?' ती रडत नव्हती. हिशोब सांगावा तसं सांगत होती. जमा बंद झाली, आता शिल्लक किती दिवस पुरणार.

भेटायला येणारी माणसं दोन गोष्टी बोलायची. एक म्हणजे, 'एवढं देवाचं केलं आणि देवाने हे दिलं?' आणि दुसरी, आवाज खाली आणून, 'भोग असतात हो, मागच्या जन्मीचे.' ऐकायला दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण वही एकच आहे. पहिल्यांना वाटतं देवाने हिशोबात घोळ केला, दुसऱ्यांना वाटतं हिशोब बरोबर आहे, आजीनेच कुठेतरी देणं ठेवलंय. खाटेवर पडलेल्या माणसाच्या हातात दोघंही बिलच ठेवतात. पुण्य करून देव मिळवता येतो असं एकदा धरलं, की आजारी, म्हाताऱ्या, डोकं फिरलेल्या, काहीही करू न शकणाऱ्या माणसाचं काय, या प्रश्नाला असंच काहीतरी क्रूर उत्तर द्यावं लागतं. आपण तरुण आहोत, हातपाय चालतायत, म्हणून आपल्याला हे चटकन जाणवत नाही. स्ट्रीक आज ना उद्या प्रत्येकाची तुटणार आहे. तोंडातून नाम निघणार नाही असाही दिवस येईल. त्या दिवशी आपण देवाचे कोण असू?

मी आजीला गागोद्याच्या विंचवाची गोष्ट सांगितली. गागोदं तिला माहीत होतं, तिच्या माहेरचं कुणीतरी तिकडे दिलेलं होतं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'म्हणजे मी विंचू काय गं?' मी म्हटलं, 'नाही गं, तसं नाही.' तर म्हणाली, 'असू दे, असू दे. चावले आहे मी पण कितीतरी जणांना.' आणि मग चहा मागितला. त्यानंतर तिचं विचारणं थांबलं असं मी सांगणार नाही, देवांच्या आंघोळीची चौकशी शेवटपर्यंत होती. पण देव कशाला बघेल, हे मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

हे लिहिताना पंडिता रमाबाईंची आठवण येते. त्यांचं उदाहरण द्यायला मी जरा कचरते, कारण त्या आपला मार्ग सोडून ख्रिस्ताकडे गेल्या. पण आजच्या प्रश्नाशी महाराष्ट्रात त्यांच्याइतकं कुणी उघड्यावर झगडलेलं मला माहीत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान. सगळं कुटुंब तीर्थामागून तीर्थ फिरत, पुराणं सांगत जगलं. उपास, स्नानं, दानं सगळं शास्त्राप्रमाणे केलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. त्यांच्या मनात काय तुटलं असेल, ते समजायला धर्म बदलावा लागत नाही. पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात त्या लिहितात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे देव बदलला, देऊळ बदललं, तरी काहीतरी करून पात्र ठरायची धडपड सामानात बांधून सोबतच गेली होती. ही सवय कुठल्या एका धर्माची नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये यावरून दोन पंथ पडले. एकाचं म्हणणं, माकडाचं पिल्लू जसं आईला घट्ट धरून राहतं तसं जीवाने देवाला धरावं. दुसऱ्याचं म्हणणं, मांजर पिल्लाला मानेशी धरून उचलते, पिल्लाने काहीच करायचं नसतं. शेकडो वर्षं वाद चालू आहे. मला विचाराल तर, पिल्लू माकडाचं असलं तरी धरण्याआधी आई तिथे आलेली असते, एवढंच मी म्हणेन.

आता तुमच्यातला कुणीतरी कपाळाला आठ्या घालून बसला असेल. मग काय, काहीच करायचं नाही? देव कृपाळू आहे, पडून राहा? शंका रास्त आहे. कृपेच्या नावाखाली आळस चालतो आणि लबाडी तर त्याहून जास्त चालते. नामाच्या जोरावर पाप करणं हा दहा नामापराधांपैकी एक मानलाय, तो उगाच नाही. जुन्यांना आपली नस बरोबर ठाऊक होती.

या शंकेसाठी अजामिळाची गोष्ट पुन्हा एकदा पूर्ण वाचा. भागवताच्या सहाव्या स्कंधात आहे. मरताना त्याने मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि विष्णुदूतांनी त्याला यमदूतांच्या हातून सोडवलं. आपण ऐकतो ती गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते, आणि मग ती फारच स्वस्त वाटते. मूळ कथेत अजामिळ तिथे मरतच नाही. तो भानावर येतो. आपण काय जगलो ते त्याला दिसतं, लाज वाटते, आणि तो घरदार सोडून गंगाद्वाराला, म्हणजे हरिद्वारला जाऊन साधना करतो. विष्णुदूत त्याला न्यायला येतात ते त्यानंतर. म्हणजे साधना आहेच, पण ती सुटकेच्या नंतर आहे. यमदूतांच्या तावडीत असताना त्याने नियम धरले आणि मग सुटला, असं झालेलं नाही. सुटला, म्हणून नियम धरले.

गीतेतही हाच क्रम आहे. अठराव्या अध्यायाचा ७३वा श्लोक, अर्जुनाचं शेवटचं बोलणं. तो आधी म्हणतो, तुझ्या प्रसादाने माझा मोह गेला आणि मला आठवण आली. मग म्हणतो, तू सांगशील ते करीन. आणि मग धनुष्य उचलतो. दुसऱ्या अध्यायातला ४७ पाठ असणाऱ्यांनी हा ७३ त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. काम तेच, लढाई तीच, बाण तेच. पण पहिल्या अध्यायातला अर्जुन लढला असता तर त्याला स्वतःला काहीतरी सिद्ध करायचं असतं. अठराव्यातल्या अर्जुनाचं ते सगळं आधीच मिटलंय.

ज्ञानेश्वर माउलींचं पसायदान आपण हात जोडून म्हणतो, पण शब्दाकडे लक्ष देतो का? पसाय म्हणजे प्रसाद. नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगून झाल्यावर माउली विश्वात्मक देवाकडे मजुरी मागत नाहीत, प्रसादाचं दान मागतात. एवढं काम पदरी असलेल्या माणसाने हक्काने मागितलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. आणि मागितलं काय, तर दुष्टांचा दुष्टपणा जावो. विंचवांसाठीच मागणं झालं की ते.

रोजच्या जगण्यात हे कसं आणायचं, असं नेहमी विचारलं जातं. यासाठी पेणहून फार लांब जायला नको. रोह्याला १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले, स्वाध्याय परिवाराचे दादा. त्यांनी घराघरांत त्रिकाल संध्या पोचवली. सकाळी उठल्यावर, जेवताना आणि झोपताना देवाचं स्मरण, बस, एवढीच. त्यामागचा विचार मला फार नेमका वाटतो. सकाळी जाग येते तेव्हा मी कोण, माझं घर कुठलं, हे सगळं आठवतं, ते स्मृतिदान. जेवलेल्या अन्नाचं रक्त होतं आणि अंगात बळ येतं, ते शक्तिदान. रात्री झोप लागते, ते शांतिदान. यातलं काय आपण केलं? झोपायचा प्रयत्न करून झोप येत नाही, हे रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेल्या कुणालाही विचारा. पोटात गेलेल्या घासाचं पुढे काय होतं त्यात आपला हात नाही. दिवसातून तीनदा, काहीही न कमावता, आपल्याला दिलं जातं. आधी ते ओळखायचं. मग स्वाध्यायी भक्तिफेरीला गावोगाव जातात, स्वतःच्या खर्चाने जातात, गावाकडून काही घेत नाहीत. ते कष्ट खरे असतात. पण मिळवण्यासाठी जाणं वेगळं आणि मिळालंय म्हणून जाणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. जाणाऱ्याला मात्र आतून कळतं, कारण एकात दमणूक साठत जाते आणि दुसऱ्यात साठत नाही.

ओळखायची एक खूण मला सापडलीय, ती सांगून ठेवते. आपल्यापेक्षा कमी करणाऱ्याकडे बघताना मनात काय येतं ते पाहायचं. एकादशीला डबा उघडून वडापाव खाणारा सहकारी, वर्षातून एकदा गणपतीत घरी येणारा आणि आरतीच्या वेळी मोबाईल बघणारा भाऊ. त्याच्यावर देवाची कृपा आपल्याइतकीच आहे हे ऐकून जर पोटात कळ आली, तर समजायचं, तोळा-तोळा तांदूळ वजन करणं चालू आहे.

जपाचं ॲप मी काढून टाकलेलं नाही. आकडा दिसतो ती पट्टी फक्त सेटिंगमध्ये जाऊन बंद केलीय. तुम्ही केलीच पाहिजे असं काही नाही.

उद्या श्लोक ५५, या अध्यायातला शेवटचा. आज भगवंतांनी वेद, तप, दान, यज्ञ सगळ्यावर फुली मारली, आणि उद्याच्या श्लोकाचा पहिलाच शब्द माझ्यासाठी कर्म करणाऱ्याबद्दल आहे. ५४ आणि ५५ एकापाठोपाठ एक वाचून या. मधल्या रिकाम्या जागेत काय घडलं असेल, त्यावर उद्या बोलू.

राम कृष्ण हरी.